मदत घरी जाऊनच करावी

संपादक महोदय,

नाताळ जवळ आला की वसई तालुक्यातील अनेक चर्चच्या आवारात गरजू कुटुंबांना धान्य आणि किराणा वाटण्याचे कार्यक्रम होतात. त्यामागची कळकळ खरी असते, याबद्दल मला शंका नाही. परंतु या वाटपाला आता व्यासपीठ, पाहुणे, फलक आणि छायाचित्रे यांची जोड मिळू लागली आहे. ज्या पद्धतीने ही सेवा आमच्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरातील ख्रिस्ती समाजात, वर्षानुवर्षे होत आली, ती पद्धतच त्यामुळे मागे पडेल, अशी काळजी या कामात बराच काळ असलेल्या माझ्यासारख्याला वाटते.

घरी जाऊन मदत करण्याची ती पद्धत आमच्याकडे संत व्हिन्सेंट डी पॉल या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेमुळे रुजली. पॅरिसमध्ये 1833 साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काही मित्रांसह तिची सुरुवात केली. आदल्याच वर्षी ते शहर कॉलऱ्याच्या साथीत होरपळले होते. सिस्टर रोझाली रेंदू यांनी या तरुणांना गरिबांच्या वस्तीत नेले आणि घराच्या उंबऱ्याच्या आत जाऊन विचारपूस कशी करायची ते शिकवले. आजही सभासद दोघे दोघे मिळून घरी जातात, ठरलेल्या दिवशी एकत्र बसून प्रत्येक कुटुंबाचा विचार करतात, कोणाला काय दिले ते बैठकीबाहेर बोलत नाहीत आणि शेवटी एका बंद पिशवीत आपापली वर्गणी अशी टाकतात, की कोणी किती दिले हे शेजारी बसलेल्यालाही कळू नये. घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची, दोघांचीही नावे झाकलेली राहावीत, हा त्यामागचा विचार आहे.

घरी गेल्याने काय दिसते, याचे एकच उदाहरण देतो. गेल्या पावसाळ्यात एकट्या राहणाऱ्या एका आजींना वारंवार चक्कर येत होती. माझ्यासोबत एक निवृत्त परिचारिका होत्या. बोलता बोलता त्यांनी ओटीवरचा औषधांचा डबा उघडला, तर दोन वेगवेगळ्या नावांच्या पाकिटांत रक्तदाबाची एकच गोळी निघाली. दोन डॉक्टरांनी ती लिहून दिली होती आणि आजी दोन्ही नेमाने घेत होत्या. ‘डॉक्टरांनीच दिल्यात ना दोन्ही,’ असे त्या म्हणाल्या. बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून एक गोळी बंद झाली. या आजींना तांदळाची पिशवी कितीही वेळा दिली असती, तरी हे कोणाच्या लक्षात आले नसते.

शिवाय या आजी गरजूंच्या कोणत्याच यादीत नव्हत्या. घर पक्के, मुलगा आखातात, पैसे वेळेवर येतात. वसईच्या पश्चिम पट्ट्यात अशी घरे आता गल्लोगल्ली आहेत. मुले कॅनडात किंवा आखातात, आणि मागे राहिलेल्या वृद्धांना मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणेही जमेनासे झालेले. हे लोक धान्याच्या रांगेत कधीच उभे राहणार नाहीत. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, त्या कामासाठी सात सुज्ञ माणसे नेमली. कोण सुटले आहे हे पाहणारी माणसे आधी हवीत, हे तेव्हाच ओळखले गेले होते.

अशा स्वयंसेवकांना करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरणे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मिळवायला तहसील कार्यालयात सोबत जाणे, नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेणे, ही कामे वृद्धांना डोंगराएवढी वाटतात. उभे आयुष्य वाडीत राबलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, तेव्हा खिडकीपाशी त्यांची बाजू मांडणारे कोणी तरी बरोबर असावे लागते. शेजारचे घर ख्रिस्ती नसेल, तरी तिथेही हीच मदत गेली पाहिजे, आणि अनेक ठिकाणी ती जातेही.

म्हणून धर्मग्रामांचा कारभार पाहणाऱ्या पालकीय मंडळांना माझी विनंती आहे, की यंदाच्या नाताळात धान्य जरूर द्यावे, पण ते व्यासपीठावरून न देता दोन स्वयंसेवकांनी घरी नेऊन द्यावे आणि तिथे निदान अर्धा तास बसावे. आपल्यालाही एक विनंती आहे. पिशवी स्वीकारणाऱ्या माणसांचे चेहरे दिसतील अशी वाटपाची छायाचित्रे आपल्याकडे आली, तर ती कृपया छापू नयेत, मग ती कोणत्याही धर्माच्या, पक्षाच्या वा संस्थेच्या कार्यक्रमाची असोत.

आपला,
एक स्वयंसेवक, वसई