क्षमा केली, तरी तुरुंग चुकला नाही

महोदय,

‘ख्रिस्ती आहेस ना, मग माफ कर आणि विषय मिटव,’ असे मार खाणाऱ्या बाईलाच ऐकवतात. मारणाऱ्याला कोण विचारतो? १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली अग्जाने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. पोपनी चारच दिवसांत क्षमा जाहीर केली. १९८३मध्ये कोठडीत जाऊन, खुर्चीला खुर्ची लावून ते त्याच्याशी बोललेही. अग्जा मात्र २०००पर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता.

‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करा, हे येशूचे वचन सगळ्यांना पाठ असते. पण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, त्याच अठराव्या अध्यायात, आधी सांगितले आहे: अपराध्याला एकांतात त्याचा अपराध दाखवा, ऐकले नाही तर साक्षीदार न्या, तरीही नाही तर मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या समुदायापुढे, मांडा. प्रवचनात हा भाग का गाळतात?

– एक वाचक