गैरहजर म्हणजे शून्य नव्हे

महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतली, पोटदुखी अपेंडिक्सची आहे का हे गुणांवरून सांगणाऱ्या ‘अल्व्हाराडो स्कोअर’ची दहा गुणांची चौकट वाचली. वर ठळक मथळा, ‘घरच्या घरी तपासा’! चौतीस वर्षे गणित शिकवले, त्यामुळे पेन्सिल आपोआप हातात आली. दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकले, १ गुण. अन्नावरची वासना उडाली, १. मळमळ किंवा उलटी, १. ताप, १. घरचा पेपर इथेच संपला. उरलेल्या सहांपैकी तीन गुण डॉक्टरांच्या बोटांत (दाबल्यावर दुखणे २, दाबलेला हात झटकन उचलल्यावर कळ येणे १) आणि तीन रक्ताच्या रिपोर्टात. पाचाच्या खाली ‘शक्यता कमी’ असे तुमचीच चौकट म्हणते. मग घरबसल्या पेपर देणारा पाचापर्यंत पोचणार तरी कसा?

हे हसण्यावारी नेले असते. पण चार महिन्यांपूर्वी रविवारी रात्री बारावीतल्या नातवाला घेऊन मी एका दवाखान्यात गेलो होतो. दुपारी आवडीच्या मिसळीकडे त्याने पाहिलेसुद्धा नव्हते, दोनदा ओकला होता, दुखणे खाली उजवीकडे उतरले होते. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी टी-शर्टवरूनच पोटाला हात लावला, नजर कॉम्प्युटरवर. लॅबवाला सुट्टीवर. कागदावर लिहिले, स्कोअर ३. पित्ताची गोळी देऊन आमची बोळवण केली.

मी विचारले, “रक्त तपासलेच नाही, त्याचे गुण?” म्हणाले, “शून्य धरलेत, आजोबा.”

अहो, गैरहजर मुलापुढे आम्ही ‘गै. ह.’ लिहितो, शून्य नाही! जेमतेम चार गुणांचीच परीक्षा घेतली होती आणि त्यांत पोराला तीन पडले होते.

सकाळी दुसऱ्या सर्जननी त्याला आधी खोकायला लावले. मग शर्ट वर करून सावकाश दाबले आणि हात एकदम उचलला. पोराने माझे मनगट असे आवळले की दोन दिवस वळ होता. रक्तात पांढऱ्या पेशी सोळा हजार, म्हणजे वाढलेल्या. दुपारी ऑपरेशन झाले तेव्हा अपेंडिक्स फुटायच्या बेतात होते.

यात डॉ. अल्व्हाराडोंचा दोष नाही. त्यांनी १९८६ साली हा स्कोअर मांडला तो पोटाला हात लावणाऱ्या डॉक्टरांसाठी, रविवारची पुरवणी वाचणाऱ्यांसाठी नव्हे.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तर २०१२ साली गतिरोधकावरून गाडी जाताना पोटात कळ येते का, यावर अभ्यास छापला. कळ आली नाही तर अपेंडिक्सची शक्यता कमी, असा त्याचा निष्कर्ष. ही परीक्षा नाशिकमध्ये घेऊ नये. त्या रात्री द्वारका चौकापर्यंतच्या खड्ड्यांत नातवाबरोबर मीही कण्हत होतो, आणि माझे अपेंडिक्स १९७९ सालीच काढले आहे. महापालिकेच्या कोणी हे पत्र वाचले तर बरे.

असो. चौकटीची दुरुस्ती छापावी, तीही त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत. मागे पंचांगातल्या चुकीची दुरुस्ती आपण आतल्या पानावर, निविदांच्या खाली छापली होती. ती शोधायला मला भिंग लागले.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, इंदिरानगर, नाशिक