विषय: बदललेले दर विसरणारा तुमचा बिलिंग प्रोग्रॅम, आणि खापर आमच्या दिवाणजींवर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाशी बोलून आत्ता फोन ठेवला, म्हणून हे लिहितोय. प्रोग्रॅम तुमचा आहे, तेव्हा पट्टी म्हणजे काय आणि सेटिंगचं पान कुठे असतं हे सांगत बसत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत पेढी आहे. हमाली-तोलाईचा दर बदलला की प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा (एरवी ते पान हातच लावू देत नाही), दर भरायचा, सेव्ह करायचं. सेव्ह झाल्याचा मेसेज छातीठोक येतो. दुसऱ्या दिवशी दिवाणजी नेहमीसारखं डबल क्लिक करतात, तर दर जुनाच. प्रिंटरही जुना, जो आम्ही कधीच भंगारात घातलाय. शेतकरी हिशेबाच्या पट्टीसाठी ताटकळतोय आणि दिवाणजी पेनाने आकडे खोडतायत. खाडाखोडीची पट्टी हातात पडल्यावर माणूस काय समजेल? पेढीने काटा मारला, हेच ना?

आता आजचं बोलणं ऐका. "सर, सेव्ह केलं होतं का?" केलं होतं. "नक्की?" नक्की. "मेसेज आला होता?" आला होता, त्याचा फोटो तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पडलाय. मग म्हणे, "रोज कॉम्प्युटरवर कोण बसतं?" दिवाणजी. "वय काय त्यांचं?" मी म्हटलं, वयाचा काय संबंध? तर म्हणाला, "जुन्या लोकांकडून होतं असं. एखादा तरुण मुलगा ठेवा." फोन स्पीकरवर होता आणि दिवाणजी समोरच बसले होते. माझ्या वडिलांच्या वेळेपासून रोजमेळ पैशाला पैसा जुळवणारा माणूस! वर आणखी सल्ला, "नाहीतर विंडोज फॉरमॅट मारा." वा! विसरणार तुमचा प्रोग्रॅम, आणि पुसून टाकायचं आम्ही.

दोष माझ्या पुतणीने शोधला. तुम्ही सेटिंगची आयएनआय फाइल प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरात ठेवता. तिथे साध्या युजरला लिहायची मुभा विंडोज देत नाही. जुने ३२ बिट प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, गुपचूप त्या युजरच्या स्वतःच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात, व्हर्च्युअलस्टोअरमध्ये, त्या फाइलची प्रत काढतं. तुमचा प्रोग्रॅम बंद होताना खिडकीचा आकार त्याच फाइलमध्ये लिहितो. प्रत तयार होते ती तेव्हाच. पुढे दिवाणजींना दिसते ती प्रत, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून सेव्ह केलेलं जातं मूळ फाइलमध्ये. एका पेढीच्या दोन वह्या! पुतणीने प्रत उडवली, नवा दर लगेच दिसला. पुढच्या बदलाला पुन्हा हेच होणार.

हे सगळं तुमच्या माणसाला सांगितलं. उत्तर काय? "ते विंडोजचं आहे, मायक्रोसॉफ्टला विचारा." वय मात्र आमच्या दिवाणजींचं विचारायचं.

दर सगळ्या युजरना एकच असतात, ते सगळ्यांच्या सामायिक प्रोग्रॅमडेटा फोल्डरात ठेवा. खिडकीचा आकार ज्याचा त्याच्या अ‍ॅपडेटामध्ये. दुरुस्त आवृत्ती जादा पैसे न घेता हवी, आणि तुम्ही दिवाणजींची लेखी माफीही मागायची. तोवर वार्षिक देखभालीचा चेक मिळणार नाही. यार्डातल्या बऱ्याच पेढ्यांना तुमचं नाव मीच सुचवलं होतं, याची आता लाज वाटते. त्यांनाही व्हर्च्युअलस्टोअर कुठे असतं ते दाखवणार आहे.

एक अडत्या,
मार्केट यार्ड, सांगली

ता. क. या पत्रावर फोन करणार असाल तर सेव्ह केलं होतं का, हे विचारू नका.