खेळातल्या रेल्वेलाही भोर घाटाचा चढ जाणवू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकावरील रेल्वे सिम्युलेटरमध्ये, म्हणजे गाडी चालवण्याच्या खेळात, भारतीय इंजिने आणि डबे बसवणाऱ्या तरुणांची संख्या पुण्यात बरीच आहे. माझा नातू त्यांपैकीच एक. सुट्टीत त्याच्याबरोबर बसून मीही हा उद्योग शिकलो. त्यात मला खटकलेली एक गोष्ट या ॲड-ऑन, म्हणजे मूळ खेळात वरून जोडायच्या, गाड्या तयार करणाऱ्यांपर्यंत पोहोचावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नातवाने ओपन रेल्स या मोफत सिम्युलेटरमध्ये डब्ल्यूएपी-७ या विजेवरच्या प्रवासी इंजिनाचे एक ॲड-ऑन बसवले, त्याला २२ डबे जोडले आणि कर्जतहून गाडी सोडली. ती ताशी ८० किलोमीटर वेगाने भोर घाट चढून लोणावळ्याला आली. मुलगा खूश झाला, परंतु निवृत्त गणित शिक्षक असल्याने मला राहवले नाही आणि मी कागद-पेन्सिल घेतली. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर, असा आहे. डबा सरासरी ५० टनांचा धरला, तर डब्यांचे ११०० टन आणि इंजिनाचे १२३ टन मिळून १२२३ टन होतात. त्याला ३७ ने भागले की केवळ चढासाठी सुमारे ३३ टनांची ओढ लागते. डब्ल्यूएपी-७ ची गाडी सुटतानाची कमाल ओढ ३२२.६ किलोन्यूटन, म्हणजे जेमतेम ३३ टनच आहे आणि वेग वाढेल तशी तीही कमी होत जाते. चाकांचा, वळणांचा विरोध तर यात धरलेलाच नाही. म्हणूनच मुंबईहून येणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिने लावावी लागतात. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटाचे सगळे मर्म त्या चढात आहे आणि नेमके तेच खेळातून नाहीसे झाले होते.

कारण शोधायला आम्ही इंजिनाची ईएनजी फाइल उघडली. ही साधी मजकुराची फाइल असते आणि इंजिनाचे वजन, बल, शक्ती, ब्रेक हे सारे तिच्यात आकड्यांनी लिहिलेले असते. बल आणि शक्ती दोन्ही आकडे खऱ्याच्या दुपटीहून अधिक होते. ब्रेक पाइपमधील हवेचा दाब ९० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), म्हणजे अमेरिकन पद्धतीचा होता. आपल्याकडे तो चौरस सेंटिमीटरला ५ किलो, म्हणजे सुमारे ७१ पीएसआय असतो. कुठल्या तरी परदेशी इंजिनाची फाइल उचलून तिच्यावर आपल्या इंजिनाचे रूप चढवले होते, हे उघड आहे. रूप मात्र इतके हुबेहूब की करणाऱ्याच्या मेहनतीला मी मनापासून दाद देतो, आणि म्हणूनच आकड्यांची ही हेळसांड मनाला अधिक लागते.

आम्ही मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून आकडे दुरुस्त केले. त्यानंतर तीच गाडी पळसदरी सोडल्यावर दम टाकू लागली आणि थोड्याच वेळात उभी राहिली. मग नातवाने कॉन्सिस्ट फाइलमध्ये, म्हणजे गाडीतील डबे-इंजिनांच्या क्रमवार यादीत, शेवटी बँकर जोडले आणि गाडी वर आली. बँकर कशासाठी लागतो, हे त्याला त्या दिवशी जसे कळले तसे मला फळ्यावर शिकवता आले नसते.

बसवतानाच्या अडचणी त्या मानाने किरकोळ आहेत, परंतु नवख्याचा धीर त्यांतच सुटतो. फोल्डरचे नाव बदलले की कॉन्सिस्टला इंजिन सापडत नाही. अनेक जुनी ॲड-ऑन आपला आवाज आणि केबिन २००१ सालच्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमधील मूळ गाड्यांच्या फोल्डरमधून उसनी घेतात; तो खेळ संगणकावर नसेल, तर इंजिन मुके राहते. डब्याची लांबी चुकली की डबे एकमेकांत घुसतात किंवा मध्ये फट पडते, कारण जुन्या धाटणीच्या आयसीएफ डब्याचा सांगाडा सुमारे २१.३ मीटरचा असतो, तर नव्या धाटणीच्या एलएचबी डब्याचा सुमारे २३.५ मीटरचा. हे सर्व मराठीत दोन पानांत सांगता येईल, परंतु ॲड-ऑनसोबत असे टिपण मला एकदाही मिळाले नाही.

माझी विनंती एवढीच आहे की, प्रत्येक ॲड-ऑनसोबत निर्मात्यांनी वजन, ओढ, शक्ती, लांबी आणि ब्रेकचे खरे आकडे व बसवण्याची रीत मराठीतून द्यावी, आणि जिथे आकडा अंदाजाचा असेल तिथे तसे स्पष्ट लिहावे. घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये आणि घाटात उमेदीची वर्षे घालवलेले कितीतरी चालक व फिटर निवृत्तीनंतर याच शहरात राहतात. ओल्या रुळांवर चाक केव्हा घसरू लागते आणि घाट उतरताना ब्रेक किती आधी लावायचा, हे त्यांच्याइतके नेमके कोण सांगणार? तरुणांनी त्यांच्याकडे जाऊन आपली गाडी त्यांना चालवून दाखवावी आणि ते सांगतील तो बदल फाइलमध्ये करावा.

आम्ही दुरुस्त केलेल्या आकड्यांचे टिपण नातवाने मराठीत टंकून ठेवले आहे. आपल्या कार्यालयामार्फत कोणी मागितले, तर ते आनंदाने पाठवू.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक,
कोथरूड, पुणे