परदेशवासाचा हिशेब फक्त पगारात नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जर्मनीतील नोकऱ्यांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेला लेख वाचला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून आमच्याकडच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतील मुलांमध्ये या विषयाची चर्चा वाढली आहे. मात्र घरोघरी प्रश्न एकच असतो, पगार किती आणि त्याचे रुपये किती होतात? मी त्याच राज्यातील श्टुटगार्ट शहरात काही वर्षे नोकरी करून परभणीला परतलो आहे. पैशाचे मोल मी कमी लेखत नाही, कारण कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरातली कर्जे त्याच पैशाने फिटतात. परंतु त्या वास्तव्याने माणूस म्हणून मला जे दिले, त्याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

त्या भागात ‘केअरवोखे’ नावाचा जुना रिवाज आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवड्याच्या पाळीने जिना, दारासमोरची वाट आणि फुटपाथ झाडायचा, अशी ही पद्धत असून पुष्कळदा ती भाडेकरारातच लिहिलेली असते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक लहानशी पाटी अडकवली जाते आणि आठवडा संपला की ती शेजारच्या दारावर जाते. आमच्या इमारतीत एक निवृत्त न्यायाधीश राहत. त्यांच्या पाळीच्या शनिवारी ते स्वतः बादली आणि ब्रश घेऊन एकेक पायरी पुसत, कोपऱ्यातला कचरा हाताने उचलत, आणि जाता-येता भेटणाऱ्याला नेहमीच्याच प्रसन्नपणे नमस्कार करत. ज्या घरात मुलग्याने जेवलेले ताटसुद्धा उचलायचे नसते, अशा घरात मी वाढलो. पुढच्या आठवड्यात ती पाटी माझ्या दारावर आली आणि मी झाडू हातात घेतला, तेव्हा कोणत्याही पुस्तकाने शिकवले नसते ते मला श्रमाविषयी कळले. आज आमच्या गल्लीत झाडायला येणाऱ्या मावशींशी मी जसा बोलतो, तसा पूर्वी बोलत नव्हतो.

दुसरा लाभ ओळख नसण्याचा. आपल्याकडे नवा माणूस भेटला की आडनाव, गाव आणि ‘कुणापैकी’ हे विचारून झाल्यावरच बोलणे पुढे सरकते. तिथे माझ्या आडनावावरून कोणालाच काही उमगत नसे. काम वेळेवर आणि नीट केले की नाही, एवढेच पाहिले जाई. (परदेशातल्या भारतीयांच्या मंडळांत मात्र आडनावाची चौकशी पुन्हा सुरू होते, हेही नमूद केले पाहिजे.) डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आल्यावर त्यांना राहायला जागाही मिळेना. त्याच बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० मध्ये आपल्या मराठवाड्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. बरोबरीने जगून आलेला माणूस मागे परतून काय उभारू शकतो, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको.

तिथे सगळे गोड होते, असे नाही. घर शोधताना माझे परके नाव वाचून अनेकांनी उत्तरही दिले नाही आणि मोडक्या जर्मनमुळे दुकानात माझ्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलले गेले. ते दिवस कठीण होते. तरीही मी ते लाभातच धरतो. वाळूजच्या कारखान्यात आलेल्या बिहारी कामगाराला खोली देताना आपण किती आढेवेढे घेतो, किंवा बीडची ऊसतोड कुटुंबे परमुलखात फडाजवळच्या कोप्यांत सहा-सहा महिने कशी राहतात, हे मी पूर्वी केवळ ऐकून होतो. स्वतः उपरा होऊन राहिल्यावर त्यातला अपमान कळतो.

मुलींच्या पालकांना तर माझे आवर्जून सांगणे आहे. आमच्या कार्यालयात लातूरकडची एक मुलगी होती. घरमालकाशी करार, कराचे विवरणपत्र, दवाखाना, रात्री उशिराच्या ट्रामने एकटीने घरी येणे, हे सगळे ती जर्मन भाषेत आणि स्वतःच्या हिमतीवर निभावत असे. आता सुट्टीत गावी आली की वडिलांच्या बँकेची आणि जमिनीची कागदपत्रे तीच पाहते आणि वडीलही तिला विचारल्याशिवाय सही करत नाहीत. असा अधिकार तिला इथे राहून मिळाला असता का, याबद्दल मला शंका वाटते.

जर्मन भाषेच्या वर्गांमध्ये व्याकरणाबरोबरच तिथे राहून आलेल्या माणसांशी मुलांची आणि पालकांची गाठ घालून द्यावी, असे मला वाटते. आपणही मराठवाड्यातील अशा व्यक्तींचे अनुभव आठवड्यातून एकदा छापावेत आणि त्यांना पगाराबरोबरच तिथे ते कुठे अडले, काय शिकले आणि परतल्यावर घरात-गावात काय वेगळे करू लागले, हेही विचारावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, परभणी