शेजारच्या काकूंना जाहीर धन्यवाद (त्या नको म्हणतात तरी)

काकू, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर फोटो पाहता आणि व्हॉइस मेसेज ऐकता, एवढं मोठं वाचायच्या भानगडीत पडत नाही, म्हणून हे नातीकडून वाचून घ्या आणि वाचता वाचता ती हसली तर तिच्यावर खेकसू नका. वास्तुशांतीच्या दिवशी मी सगळ्यांचे आभार मानले, इंजिनियरचे, ठेकेदाराचे, फरशीवाल्याचे, टँकरवाल्याचे पण, आणि तुमच्यावर आलो तर तुम्ही पंगतीत वरण वाढता वाढता "बस कर न बाप्पा आता, पोळ्या थंड होऊन राहिल्या" म्हणून मलाच खाली बसवलं. समोर बोलू देत नाही, तर मग लिहून टाकतो. आणि सगळ्यांना दिसेल असंच लिहितो, कारण आपल्या खारपाणपट्ट्यात घर बांधायला निघालेल्या माणसाला यातलं निम्मं कोणी सांगत नाही.

पहिले पाण्याचं. प्लॉटमध्ये बोअर होतं, पाणी भरपूर, ठेकेदार खुश की चला टँकरचा खर्च वाचला. आता बाहेरच्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा असा हा पट्टा आहे, इथलं जमिनीखालचं पाणी खारं, ढोरं पण तोंड लावून मागं सरतात. प्यायला धरणाचं नळाचं पाणी येते तेही रोज येईलच असं नाही. पण बांधकामाला खारं चालते, असं गावात सगळेच म्हणतात आणि कितीतरी घरं त्याच पाण्यात बांधली गेली. तुम्ही कुंपणापाशी उभ्या राहून पाहत होत्या, मिक्सर सुरू व्हायच्या आधी आत आल्या आणि म्हणाल्या, "काहून रे बाबू, हे पानी सिमेंटात घालतं काय? सळाखी खाऊन टाकीन ते." ठेकेदार हसला. तर तुम्ही त्या इंजिनियर पोराला सरळ तुमच्या जुन्या संडासाकडे घेऊन गेल्या आणि वर पाहायला लावलं. स्लॅबच्या खालचा थर पोपडे धरून पडलेला, सळाख उघडी, आणि सळाख म्हणजे काय, बोटानं खरवडली तर लाल भुगा खाली. पोरगा काही बोलला नाही, बाटलीत पाणी भरून घेऊन गेला तपासायला.

रिपोर्ट आला त्यात क्लोराइड मर्यादेच्या दुपटीच्या वर. आयएस ४५६ म्हणून काँक्रीटचा जो नियम आहे, २००० सालचा, त्यात लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको असं आहे, नुसत्या बिनलोखंडाच्या कामाला २००० पर्यंत चालते. कारण सिमेंट लोखंडाभोवती जे संरक्षण धरते ते हा खार तोडतो, मग गंज लागतो, आणि गंजलेलं लोखंड आधीपेक्षा कितीतरी जास्त जागा घेते म्हणून ते वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. हे सगळं मला इंजिनियरनं नंतर समजावून सांगितलं, तुम्ही एका वाक्यात सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

आणि नुसतं सांगून थांबल्या असत्या तरी खूप होतं. गोड्या पाण्याचा टँकर आणायचा तर खाली करायचा कुठं, आमचं टाकं अजून खोदलंही नव्हतं. तुम्ही तुमचं टाकं धुवून दिलं. त्यात उरलेलं पाणी घागरी घागरीनं काढून झाडाला टाकलं, आत उतरून खराट्यानं घासलं, आणि काम चालू होतं तोवर स्वतःचं प्यायचं पाणी ड्रमात भरून ठेवलं. मी अमरावतीला नोकरीवर, रविवारी यायचो, मला हे आईनं सांगितलं. तुमच्या तोंडून एक शब्द नाही.

पायव्याचं थोडक्यात लिहितो, कारण ते काम इंजिनियरनं चांगलं केलं होतं. भारी काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात फुगून वर येते, ही माती भिंतीला खालून ढकलते. रुरकीच्या सीबीआरआयनं, म्हणजे सरकारच्या इमारत संशोधन संस्थेनं, याच मातीसाठी खाली फुगवटा असलेले पाईल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, काढले आहेत, पण आपल्या गावात ते करणारा माणूस मिळणं कठीण, म्हणून आम्ही खोल फुटिंग (कॉलमखालची काँक्रीटची बैठक), कॉलम, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवर कॉलम बांधणारी आडवी तुळई) आणि भरावाला मुरूम असं केलं. तुमची भर त्यात वेगळीच होती. गावात कोणाची भिंत कुठं तडकली हे तुम्हाला तोंडपाठ, आणि तुम्ही म्हणाल्या की जिथं न्हाणीचं पाणी भिंतीला लागून मुरते तिथंच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते, जाऊन पाहा. मी दोनचार घरं फिरून पाहिलं, खरंच तसंच. मग घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन सिमेंटचा पट्टा केला, सांडपाण्याचा पाईप लांब नेला, आणि खिडकीजवळ निंबाचं झाड लावायचा आईचा बेत तुम्हीच मोडला, मुळं माती सुकवतात म्हणून. आई आठवडाभर तुमच्याशी तुटक बोलत होती ते तुम्हाला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

रेतीच्या ट्रॉलीचा किस्सा तर गावात झाला आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, पैसे ब्रासचे घेतात आणि ट्रॉलीत किती आहे ते देवाला माहीत. तुम्ही घरकुल बांधलं तेव्हापासूनचा तुमचा तो पिवळा टेप घेऊन ट्रॉलीवर चढल्या. लुगड्याचा काष्टा, डोक्याला फडकं, आणि ड्रायव्हर खालून "मावशी पडसान न" करून राहिला. लांबी, रुंदी, चार कोपऱ्यांची उंची वेगळी आणि मधली वेगळी, कारण मध्ये ढीग करून कडेला खाली ठेवायची त्यांची पद्धत. १० फूट बाय ६ फूट ट्रॉली, भराव सरासरी सव्वा फूट, म्हणजे ७५ घनफूट, ब्रासला पाव ब्रास कमी. वरून रेती ओलसर. ओलसर रेती फुगलेली असते, वाळली की बसते, म्हणजे मापात दिसते त्याहूनही कमी. त्या दिवसापासून तो ड्रायव्हर आधी तुमच्या दारात ट्रॉली उभी करायचा, मग आमच्या. काचेच्या ग्लासात रेती अन् पाणी हलवून वर गाळ किती बसते ते पाहायचं पण तुम्हीच शिकवलं, एक खेप त्याच्यावरून परत गेली.

आता स्लॅब. हे मला जरा सविस्तरच लिहायचं आहे.

स्लॅब पडला मार्चच्या शेवटी, आणि आपल्याकडचा मार्च म्हणजे दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. ठेकेदार म्हणे ९ वाजता सुरू करू, माणसं तोवर जमत नाहीत. तुम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी बायांच्या घरी जाऊन सांगून आल्या की पहाटे चहा माझ्याकडे, आणि उजाडायच्या आत मिक्सर सुरू झाला. एम २० म्हणजे काँक्रीटची एक प्रत, त्याचा माल, एक सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी, याला एका ५० किलोच्या पोत्यामागं ३० लिटरच्या वर पाणी जायला नको, रेती ओली असली तर त्याहून कमी. पण माल टोपल्यातून घसरत नाही, पसरायला जड जाते, म्हणून मिक्सरवाला मधूनच एक बादली जास्तीची मारतो, हे सगळीकडे चालते आणि मालकाला दिसत नाही. मी वर कव्हर ब्लॉक, म्हणजे सळाख खाली टेकू नये म्हणून ठेवलेले छोटे ठोकळे, सरकले का ते पाहत होतो, तेवढ्यात खालून तुमचा आवाज, "पिठलं करून राहिला काय रे? भाकर आणू का खायाले?" सगळ्या बाया हसल्या आणि त्या पोट्ट्यानं बादली खाली ठेवली. त्यानंतर दिवसभर तुम्ही मिक्सरपाशी पाट टाकून बसल्या. दुपारी जेवायलाही तिथंच.

मग तराई. ठेकेदार म्हणे सात दिवस पाणी मारा, बस झालं. आम्ही वापरलं ते पीपीसी सिमेंट, राखमिश्रित, हे हळू पकते, आणि अशा सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवायला पाहिजे, ते १४ पर्यंत वाढवलेलं बरं, असं त्याच आयएस ४५६ मध्ये आहे. स्लॅबवर मसाल्याचे बांध घालून पाणी साचवलं, कॉलमला बारदाना गुंडाळला, पण दुपारी दोन तासांत पाणी उडून जाते आणि बारदाना कडक होतो. मी अमरावतीला, बायको शाळेवर, आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत. काकू, तुम्ही ६० च्या पुढच्या, त्या बांबूच्या शिडीवरून रोज वर चढल्या. सकाळी, भर दुपारी, आणि रात्री जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन. तुमचा मुलगा मला फोन करून म्हणाला की माय ऐकत नाही, तूच सांग, तर मी एक पोरगा लावून दिला रोजानं पाणी मारायला. तुम्ही त्या पोराला पण सोडलं नाही, तो स्लॅबवर बसून मोबाईल पाहतो म्हणून. १४ झाले तरी थांबल्या नाहीत, शेवटी ठेकेदारानंच हात जोडले की काकू सेंट्रिंगचं सामान, स्लॅबखालचे टेकू अन् फळ्या, दुसऱ्या साईटवर न्यायचं आहे.

पहिल्या पावसात सगळे वर बघत होते. कुठंच ओल नाही.

फिटिंगमध्ये तुम्ही लक्ष घालाल असं मला वाटलं नव्हतं, पण तिथं तर तुम्ही जास्तच. कूलरची खिडकी कोणती, हा प्रश्न नकाशात कुठंच नव्हता! विदर्भात घर बांधायचं आणि कूलरची जागा ठरवायची नाही, अशी घरं मी शहरात खूप पाहिली, मग सरकत्या खिडकीत प्लायवूडचा तुकडा ठोकून बसतात. तुम्ही भिंती चढत असतानाच हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीला लोखंडी स्टँड, बाजूला प्लग, आणि बाहेर अर्ध्या इंचाची पाण्याची तोटी काढायला लावली म्हणजे बादल्या वाहायला नकोत, आणि समोरच्या भिंतीला हवा बाहेर जायला दुसरी खिडकी, नाहीतर कूलर नुसता दमट करतो. इलेक्ट्रिशियनला मी ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवायला सांगितलं, तो म्हणे कशाला उगाच खर्च. तुम्ही त्याला एवढंच म्हणाल्या की लोखंडी कूलर, खाली पाणी, अन् लेकरू हात लावते, दरसाल पेपरात वाचत नाही काय? बसवलं. अर्थिंगला पण त्यानं जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाईप आणला होता, तो या खाऱ्या मातीत लवकर सडतो म्हणून तांब्याचा मुलामा असलेला रॉड घातला, हे मात्र त्याचंच डोकं, श्रेय त्याला.

ओट्याची उंची तुम्ही माझ्या बायकोला उभं करून घेतली. कोपर वाकवायचं, आणि कोपराच्या चार-सहा बोटं खाली ग्रॅनाईटचा वरचा काठ. ती उंच आहे, रेडिमेड मापानं केला असता तर जन्मभर वाकून पोळ्या लाटल्या असत्या. आणि न्हाणीच्या फरशीचा उतार तुम्ही कंचे म्हणजे गोट्या सोडून तपासला, नातवाचे. पाच कंचे सोडले, तीन जाळीकडे गेले आणि दोन दाराकडे. फरशीवाला म्हणे पाणी जाते ना काकू. तुम्ही लोटाभर पाणी टाकून त्या कोपऱ्यात साचलेलं दाखवलं, आणि त्याचा हिशोब होऊ दिला नाही तोवर. सहा फरश्या काढून परत बसवल्या त्यानं, तोंड पाडून.

एका गोष्टीत मी तुमचं ऐकलं नाही, ओसरीवर जुन्या घराचे कवेलू, म्हणजे कौलं, घातले. तुम्ही म्हणत होत्या टीन टाक, वांदरं येतात, महिन्यात फोडतील. माझं मत अजून तेच आहे, टीनाखाली दुपारी बसून दाखवा. वांदरं आली, नाचून गेली, आतापर्यंत एकच कवेलू गेला आहे आणि तोही कडेचा.

हे सगळं तुम्ही कुठं शिकल्या असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या घरकुलात. १ लाख २० हजारांचं अनुदान, हप्त्या हप्त्यानं, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून गेल्याशिवाय पुढचा पैसा नाही, आणि काका नुकतेच गेलेले. तुमच्या वेळी तुम्हाला पाण्याचं कोणी सांगितलं नाही, त्या जुन्या संडासाच्या स्लॅबचं पण नाही. म्हणून तुम्ही कुंपण ओलांडून आल्या, हे मला उशिरा कळलं.

पैशाचं काढलं की तुम्ही बोलणं बंद करता म्हणून काढत नाही. पण तो जुना संडास आता पाडायचाच आहे, वरचा स्लॅब कधी कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. माझ्याकडे मुरूम उरला आहे, विटा उरल्या आहेत, सिमेंट ताजं आणतो. येत्या रविवारी मिस्त्री येऊन राहिला माप घ्यायला. पाणी आमच्या टाक्यातलं वापरू, गोडं आहे. दार लावून शेतात निघून जाऊ नका, मी आईला तुमच्या दारात बसवून ठेवणार आहे.

तुमचा,
शेजारचा बाबू