पेट्यांचे काय केले, ते

विलेपार्ले (पूर्व), मुंबई
१७ मे

ती. आई आणि ती. बाबा यांना
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बंड्या आज रात्रीच्या गाडीने पुण्याला परत निघाला आहे, त्याच्याबरोबर हे पत्र आणि मधाची एक बाटली पाठवीत आहे. फोनवर सांगता आले असते. पण फोनवर बाबा नुसते ‘बरं’ म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि मग त्या ‘बरं’चा अर्थ लावण्यात माझा सगळा दिवस जातो. म्हणून लिहिते आहे.

बाबा, परसातल्या मधमाश्यांच्या दोन्ही पेट्या मी पालघरकडच्या एका मधपाळांना दिल्या. ९ मेच्या रात्री त्या गेल्या, आणि मी ठरविले होते ते त्याच्याही महिनाभर आधी. तुम्हाला विचारले नाही. विचारले असते तर तुम्ही नाही म्हटले नसते. ‘तुला योग्य वाटेल ते कर’ असे म्हणाला असता, आणि ते ऐकल्यावर माझ्या हातून काहीच झाले नसते.

कशा नेल्या हे तुम्हाला आधी हवे असेल, म्हणून तेच सांगते. अंधार पडून शेवटची माशी आत गेल्यानंतर, रात्री दहाच्या सुमारास, दोन्ही दारांवर तुमचीच बारीक तारेची जाळी ठोकली, म्हणजे हवा खेळती राहिली. चौकटी हलू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या बसविल्या, पेट्या सुतळीने आवळल्या, आणि टेम्पोत ठेवताना चौकटींची बाजू गाडीच्या लांबीला समांतर राहील हे मी स्वतः पाहिले. उन्हाने मेण मऊ होऊन पोळी ढासळू नयेत म्हणून उजाडायच्या आत पोहोचायचे होते, आणि पहाटे चारला त्या वाडीत उतरल्यासुद्धा. वाडीत नारळ, चिक्कू आणि जांभळाची जुनी झाडे आहेत आणि फवारणी होत नाही. हे मी ऐकून लिहीत नाही, एप्रिलमध्ये दोन रविवार स्वतः जाऊन पाहिले आहे. ते गृहस्थ आपल्यासारख्या सातेरी जातीच्या माश्याच पाळतात. पेटीपुढे उभे राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो राणीचे वय किती, आणि तिथेच मी मनाशी ठरविले.

आता कारणे. खरे तर एकच पुरेसे आहे, पण मला सगळी सांगू द्या. आपल्या गल्लीतली करंजाची दोन झाडे गेली, कोपऱ्यावरचा बंगला पाडला तेव्हा त्याच्याबरोबर सोनमोहोरही गेला, आणि शेजारच्या नव्या इमारतीत महिन्याला कीटकनाशकाची फवारणी होते. पावसाळ्यात फुले नसताना पेट्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो, मेणकिड्याकडे लक्ष ठेवावे लागते, आणि मी सकाळी सव्वाआठची गाडी पकडून चर्चगेटला जाते ती रात्री आठाला येते. उपाशी ठेवली तर सातेरी पेटी सोडून निघून जाते, हे तुम्हीच मला शिकविले आहे. हे सगळे खरे आहे, आणि यातले एकही कारण नसते तरी मी पेट्या दिल्याच असत्या.

माश्या डसून तुम्हाला दवाखान्यात न्यावे लागले त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितले ते मी तुम्हाला पूर्ण सांगितले नव्हते. चाळीस वर्षे डंख सोसलेल्या माणसालाही एखाद्या दिवशी अशी प्रतिक्रिया येऊ शकते, आणि एकदा आली की पुढच्या डंखाला ती पुन्हा येण्याचा धोका राहतो. शिवाय रक्तदाबासाठी तुम्ही घेता त्या प्रकारच्या गोळीमुळे अशा वेळी द्यायचे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हवे तितके लागू पडेलच असे नाही. फेब्रुवारीत आपण वीस मिनिटांत पोहोचलो, कारण रविवार होता आणि रस्ता मोकळा होता. एखाद्या सोमवारी संध्याकाळी सहा वाजता पार्ल्याच्या पुलावर काय असते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या दुपारबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी मी आईलाही बोलले नाही. सोनूला शाळेसाठी राणीमाशी पाहायची होती आणि मीच तुम्हाला पेटी उघडायला लावले. तुम्ही म्हणाला होतात, आता नको, उद्या सकाळी ऊन चढल्यावर दाखवतो. मी म्हटले, उद्या शाळा आहे. सोनूच्या हातात वेलची केळे होते आणि ते मी दिले होते. माशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना इशारा देणारा जो वास सुटतो, त्यातला मुख्य पदार्थ पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतो, म्हणून पेटीजवळ केळे न्यायचे नाही, हा आपल्या घरातला नियम मी सोनूच्या वयाची असल्यापासून पाळत आले होते. त्या दिवशी विसरले. केळ्यामुळेच झाले असे कोणी म्हणू शकत नाही, आणि तुम्ही तर म्हणणारच नाही. तुम्ही त्याला मागे ढकललेत आणि स्वतः पुढे राहिलात. पण सोनूला ही केळ्याची गोष्ट कधीही सांगू नका. ती माझ्याकडेच राहू द्या.

बाबा, तुम्ही इर्ल्याच्या खादी आयोगाच्या कचेरीतून निघून फाटक ओलांडून पायी घरी येत असा, हात धुवायच्याही आधी परसात जात असा, आणि मी फ्रॉकच्या खिशात जांभळे भरून तुमच्या मागे उभी असे. पुण्याच्या मधमाशी संस्थेतल्या प्रशिक्षणाहून तुम्ही परत आलात त्या आठवड्यात ओसरीवर खडूने मोठा इंग्रजी आठ काढून माशीचा नाच नाचून दाखविला होता, आणि सूर्य कुठे, फुले कुठे, कोन किती, हे समजावताना तुमचे धोतर सुटत आले होते. आजी हसून हसून खोकली होती. हा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळाले हे मला फार पुढे कळले. तोवर तो शोध तुमचाच आहे असे मी वर्गात सांगत असे.

आणि ते मेणाने झाकलेल्या पोळ्याचे तुकडे! जांभूळ मधोमध चिरून, बी काढून, मिठाचा एक कण आणि वर पोळ्याचा नखाएवढा तुकडा. आधी तुरट, मग गोड, मग दातांत राहिलेले मेण. ते थुंकायचे नाही, आजीला द्यायचे. ती ते गाळून करंड्यात ठेवी आणि त्यावर कुंकू रेखी. बंड्या आणि मी जिभा बाहेर काढून कोणाची जास्त जांभळी आहे ते न्हाणीघरातल्या आरशात पाहत असू. आई, तू तेव्हा आम्हाला ओरडलीस ते जिभांमुळे नव्हे, पांढऱ्या गणवेशामुळे, हे आता मला माझ्या घरी रोज कळते.

बाटलीत जो मध आहे तो याच वर्षीचा, पेट्या जाण्याआधी काढलेला. दोन्हींतून मिळून साडेचार किलो निघाला. पोळ्याचा तीन चतुर्थांश भाग झाकला गेल्याशिवाय चौकटीला हात लावू दिला नाही, अंडी-अळ्यांचा पिलावा असलेल्या चौकटींना तर नाहीच, आणि त्यांच्यासाठी पुरेसा मध मागे ठेवला. रंग यंदा जरा गडद आहे आणि शेवटी किंचित कडवटपणा येतो. मला तो जांभळाच्या मोहोराचा वाटतो, पण खरे काय ते तुम्हीच चाखून सांगा. सातेरीचा मध पातळच असतो, तेव्हा सूनबाईच्या माहेरचे कोणी तो पाण्यात टाकून किंवा काडी पेटवून ‘शुद्ध’ आहे का पाहू लागले, तर बाबांनी त्यांना त्या परीक्षांनी काहीही सिद्ध होत नाही हे नेहमीचे व्याख्यान द्यावे. मात्र बसून द्यावे.

आता सूचना, आणि त्यात वाद नको. बाबांनी दिवसाला चहाचा एक चमचा मध, तोही फळाबरोबर, जेवणानंतर वेगळा नाही. मध औषध आहे म्हणून तो साखरेत मोजायचा नाही, हे तुमचे म्हणणे मी लहानपणापासून ऐकते आहे, पण तीन महिन्यांची साखर ७.४ आली आहे आणि तिला ते म्हणणे पटत नाही. खरबुजाच्या फोडींवर आई पिठीसाखर घालते त्याऐवजी मध आणि चिमूटभर सुंठ घालावी. फिक्या खरबुजाला त्याने जीव येतो. ताडगोळ्यांवर मध आणि दोन थेंब लिंबू. इथे स्टेशनबाहेर त्या बायका ताडगोळे आणि करवंदे घेऊन बसू लागल्या आहेत, आणि पुण्यात तुम्हाला ते तितके ताजे मिळत नसतील याचे मला उगाच वाईट वाटते. हापूसवर मध घालू नये. बंड्या घालतो. त्याला लहानपणापासून कोणी बोलले नाही.

बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, मध लवकर साखर धरेल. आणि ओला चमचा घालू नका, आंबेल.

आई, हे तुझ्यासाठी, आणि कृपा करून रागावू नकोस. बाळ सात महिन्यांचे आहे. त्याला मध द्यायचा नाही, वेखंडाच्या चाटणातसुद्धा नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. मधात क्वचित एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण वर्षाच्या आतल्या मुलाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. आम्हा दोघांना तू मधातलेच चाटण दिलेस आणि आम्ही धडधाकट आहोत, हे मला ठाऊक आहे. तुझे काही चुकले नव्हते. तेव्हा हे कोणी सांगितले नव्हते, आता सांगितले आहे, इतकेच.

घराची काळजी करू नका. तुळशीला रोज पाणी जाते, तुझी पितळेची भांडी चिंचेने घासून घेतली, बाबांच्या पलंगाजवळच्या खिडकीला नवी जाळी बसविली आणि न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा लावला. ‘म्हातारपणाचा दांडा’ म्हणून त्याला हसू नका, मीही तो धरते. आणि आई, इतकी वर्षे तुला परसात आंबापोळी वाळत घालता आली नाही, माश्या बसत म्हणून. तू गच्चीवर ताटे घेऊन चढत राहिलीस आणि एकदाही बोलली नाहीस. तुझे गुडघे ज्या जिन्याने गेले त्यात या पेट्यांचाही थोडा वाटा आहे, असे मला अलीकडे वाटते. हे वाक्य बाबांना वाचून दाखवू नकोस.

बाबा, तुम्ही मागे म्हणाला होतात, पेट्या नसतील तर पार्ल्याला येऊन मी करू काय. मी ते ऐकले नाही असे दाखविले, पण ऐकले होते. आजीच्या खोलीच्या भिंतीत ज्या बारीक काळ्या माश्या आहेत, मेणाची नळी बाहेर काढून राहणाऱ्या, त्या तिथेच आहेत. यंदा भिंत रंगविताना मी तेवढा वीतभर भाग तसाच सोडायला लावला. त्यांना डंख मारता येत नाही. तरी खुर्ची दोन हात लांब ठेवायची. गणेशखिंडीच्या रस्त्यावरून फिरायला जाता तेव्हा संस्थेच्या फाटकाबाहेरून नमस्कार करावा, आत पाऊल टाकू नये. बंड्याला मी बजावले आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघरला ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर केले तेव्हापासून, म्हणजे २०२२ पासून, तुम्हाला तिथे नेते नेते म्हणत राहिले आणि नेले नाही. आता नेता येणार नाही, याचे मला वाटते तितके या पत्रात लिहिता येत नाही.

येत्या २० तारखेला मधमाशी दिन आहे. दर वर्षी तुम्ही गल्लीतल्या मुलांना एकेक चमचा मध देता, तो यंदा मी आणि सोनू देऊ. त्यासाठी वेगळी बरणी काढून ठेवली आहे. मुलांना आंतोन यान्शा या अठराव्या शतकातल्या स्लोव्हेनियन मधपाळाची गोष्ट सोनू सांगणार आहे. तो त्यांना राजाच्या दरबारातले मधपाळ म्हणतो. तेवढे तुम्ही फोनवर सुधारून द्या, दरबार महाराणी मारिया थेरेसाचा होता.

तुम्ही विचाराल आणि मी टाळीन, म्हणून हेही लिहून टाकते. रात्री बाहेर राहून गेलेल्या काही माश्या दुसऱ्या दिवशी परत आल्या. चाळीस-पन्नास असतील. पेटी जिथे होती तिथे हवेत फिरत राहिल्या आणि संध्याकाळी पेट्या ठेवायच्या रिकाम्या घोडीवर मुठीएवढा घोळका करून बसल्या. मधपाळांना फोन केला, तर ते म्हणाले, असे होतेच, एवढ्यासाठी काही करता येत नाही. मी ताटलीत साखरेचे पाणी आणि काड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या होत्या. चौथ्या दिवशी एकही नव्हती. कुठे गेल्या ते मला माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत असले तरी मला सांगू नका.

मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीच्या पायांखाली ठेवलेल्या चार वाट्यांतले पाणी मी ओतून टाकले, कारण पावसाआधी महापालिकेचे लोक साठलेले पाणी पाहायला येतात. वाट्या घासून फडताळात ठेवल्या आहेत. घोडी मात्र जिथल्या तिथे आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला, त्याला मी परत पाठविले. तिचे काय करायचे ते तुम्ही जूनमध्ये आलात की ठरवा.

तुमची,
बेबी